गोवर शहराची सरासरी पाहून येत नाही

मा. संपादक,

स. न. वि. वि.

लसीकरणाचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास कानावर येतात. ‘आमच्या मुलाला लस टोचली आहे, शेजारच्याने नाही घेतली तर आमचे काय जाते?’ हे एक. ‘सगळ्यांनी घेतलीच आहे, आमच्या एकट्याने नाही घेतली तर काय बिघडते?’ हे दुसरे. पहिल्याला शेजाऱ्याचा आधार नको आहे, दुसऱ्याला तो फुकट हवा आहे. हिशेब दोघांचाही चुकतो. कुठे चुकतो ते आकडे मांडूनच दाखवावे लागेल, कारण ‘लस घ्या, समाज वाचवा’ छापाच्या फलकांनी कोणाचे मत बदलल्याचे आम्ही तरी पाहिलेले नाही.

गोवरच घेऊ. कोणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना आजार देतो. विषाणू हवेतून पसरतो आणि रुग्ण उठून गेल्यावरही बंद खोलीतल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून मूल संसर्ग देऊ लागते. म्हणजे घरच्यांना नुसता ताप, खोकला, लाल डोळे दिसत असतात तेव्हाच ते पाळणाघरात, बालवाडीत आणि दवाखान्याच्या बाकावर बसून आलेले असते. एका रुग्णाकडून १५ जणांना लागण होते असे धरले, तर साथ वाढू नये म्हणून त्या १५ पैकी १४ जण आधीच सुरक्षित असायला हवेत. १५ तले १४ म्हणजे ९३ टक्के. गोवराच्या बाबतीत सतत सांगितला जाणारा ९५ टक्क्यांचा आकडा इथून येतो.

यातली मेख अशी की ९३ टक्के मुले सुरक्षित हवीत. टोचलेली ९३ टक्के असून भागत नाही. राष्ट्रीय वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा पहिला डोस बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर असतो. तो साधारण ८५ टक्के बाळांनाच लागू पडतो, कारण आईकडून मिळालेली प्रतिपिंडे (अँटिबॉडी) काही बाळांच्या रक्तात तेव्हाही शिल्लक असतात आणि ती लशीतला विषाणू निष्प्रभ करून टाकतात. दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान असतो. पालक त्याला ‘बूस्टर’ समजतात आणि बूस्टर म्हणजे असला तर बरा, नसला तरी चालेल अशी समजूत करून घेतात. तो मुख्यतः पहिला डोस वाया गेलेल्या १५ टक्क्यांसाठी आहे. ही १५ टक्के मुले कोणती ते तोंडाकडे पाहून कळत नाही, म्हणून तो सगळ्यांनाच द्यावा लागतो.

१०० मुलांपैकी ९० जणांनी पहिला डोस घेतला आणि त्यातल्या ८० जणांनीच दुसरा, तर काय होते ते पाहा. पहिल्या डोसाने ७६-७७ मुले सुरक्षित झाली. दुसऱ्याला आलेल्या ८० मध्ये पहिला वाया गेलेली १२ होती. दुसऱ्याने त्यातली ११ सावरली. एकूण झाली ८७ ते ८८. कागदावर ‘९० टक्के लसीकरण’ असलेली ही वस्ती ९३ च्या रेषेखालीच आहे. दोन्ही डोस ९५ टक्के मुलांना दिले तर सुरक्षित मुले जेमतेम साडेत्र्याण्णव होतात. दोन्ही डोसांसाठी ९५ चा आग्रह धरतात तो या काठावरच्या गणितामुळे.

दरवर्षी १,००० बाळे जन्मणाऱ्या प्रभागात वरच्या हिशेबाने वर्षाला सुमारे १२५ मुले असुरक्षित राहतात. पुढच्या वर्षी आणखी १२५. आठ वर्षांत १,००० मुले, म्हणजे एका पूर्ण वर्षाची सगळी बाळे जणू टोचलीच नाहीत. मधल्या काळात काहीच घडत नाही. रुग्ण दिसत नाहीत म्हणून पालक निर्धास्त, अधिकारी निर्धास्त. आणि मग अचानक साथ ‘उद्भवली’ अशी बातमी येते. ती उद्भवत नाही, साठत आलेली असते.

आता शहराच्या सरासरीकडे वळू. सारख्याच संख्येने मुले असलेल्या २० वस्त्या धरा. १९ वस्त्यांत ९७ टक्के लसीकरण आणि एकीत ५७. सरासरी बरोबर ९५ येते. आढावा बैठकीत हा आकडा झळकतो आणि पुढचा विषय निघतो. त्या विसाव्या वस्तीत मात्र १०० पैकी ४३ मुलांना एकही डोस मिळालेला नसतो, आणि मुले खेळतात ती आपल्याच गल्लीतल्या मुलांशी, सरासरीशी नाही. ठाण्यात उच्चभ्रू हिरानंदानी इस्टेट आणि दाट वस्तीचे मुंब्रा-कौसा, नवी मुंबईत पाम बीच रोड आणि दिघा-इलठणपाडा किंवा तुर्भे स्टोअर यांची एकत्र सरासरी काढून कोणाला काय कळणार? २०२२ च्या अखेरीस गोवराने गाठले ते गोवंडी, भिवंडी, मालेगाव अशा दाट वस्त्यांना, आणि मुले दगावली. तेव्हा केंद्र सरकारने अशा भागांत नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना एक जादा डोस, आणि नऊ महिन्यांखालील बाळांत रुग्ण जास्त आढळतील तिथे सहाव्या महिन्यापासूनच एक डोस देण्याचा सल्ला दिला होता. सहाव्या महिन्याचा हा डोस हिशेबात धरायचा नसतो. नऊ आणि सोळा महिन्यांचे दोन्ही पुन्हा घ्यावेच लागतात. साथीच्या भागातल्या पालकांनी आपल्या मुलाचे कार्ड या एका मुद्द्यासाठी तपासून घ्यावे.

ठाण्याचा दुसरा प्रश्न फिरत्या कुटुंबांचा. घोडबंदर रोडच्या टॉवरांची कामे, तळोजाकडच्या नव्या वसाहती, नाक्यावरचे मजूर, वीटभट्ट्या. बाळाचा पहिला डोस गावी, दुसऱ्याच्या वेळी आई-बाप इथे, आणि माता-बाल संरक्षण कार्ड गावच्या पत्र्याच्या पेटीत. ‘कार्ड नाही’ म्हणून बाळ परत पाठवणे हे सर्वांत महागडे धोरण आहे. घेतलेला डोस चुकून पुन्हा दिला गेला तर अपाय होत नाही. न घेतलेला घेतला असे मानले तर होतो. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला राहिलेले दोन्ही डोस चार आठवड्यांच्या अंतराने देता येतात. ‘सोळा महिने उलटले, आता उपयोग नाही’ हे आरोग्य केंद्राच्या दारात ऐकू आले तरी खरे मानू नये.

हे सगळे दुसऱ्यांच्या मुलांविषयी चालले आहे असे टॉवरमधल्या वाचकाला वाटत असेल, तर त्याने आपल्याच घरातली माणसे मोजावीत. नऊ महिन्यांखालचे नातवंड, ज्याचा डोस अजून व्हायचाच आहे. गरोदर सून, जिला ही जिवंत विषाणूची लस देता येत नाही. परळच्या टाटा रुग्णालयात किंवा खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये कर्करोगावर उपचार घेणारे मूल. औषधांनी त्याची प्रतिकारशक्ती इतकी दबलेली असते की जिवंत लस त्याच्यासाठीच धोक्याची. आणि दोन्ही डोस घेऊनही संरक्षण न मिळालेली, शंभरात तीन ते पाच निघणारी मुले. या सगळ्यांना आजूबाजूच्यांच्या लशीखेरीज दुसरे कवच नाही. ‘शेजारच्याने नाही घेतली तर आमचे काय जाते’ याचे उत्तर इतकेच आहे.

साथीत रुग्ण झालेल्यांपैकी निम्म्यांनी लस घेतली होती, अशी बातमी कधीकधी येते आणि लशीचे विरोधक ती फिरवतात. बातमी खरी असू शकते. १०० मुलांच्या शाळेत ९५ जणांनी दोन्ही डोस घेतले आहेत, ५ जणांनी एकही नाही. लस घेतलेल्यांपैकी ५ टक्क्यांना, म्हणजे जवळपास ५ मुलांना संरक्षण मिळाले नाही. गोवर शिरला तर रुग्ण दहा, त्यातले पाच लस घेतलेले. निम्मे! पण एका बाजूला ९५ पैकी ५ आहेत आणि दुसऱ्या बाजूला ५ पैकी ५. भागाकार करताना खालचा आकडा खोडला की कोणतीही लस निकामी ठरवता येते.

मात्र प्रत्येक लस समाजाचे असेच रक्षण करते असे म्हणणेही खोटे आहे, आणि ते खोटे लशीच्या बाजूने बोलणारेच बऱ्याचदा पसरवतात. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, तो माणसाकडून माणसाला होत नाही. अख्ख्या वागळे इस्टेटने लस घेतली तरी न घेतलेल्याला गंजक्या पत्र्यापासून कोणी वाचवू शकत नाही. बीसीजी लहानग्यांना क्षयाच्या मेंदूज्वरापासून आणि अंगभर पसरणाऱ्या क्षयापासून वाचवते, पण मोठ्यांच्या फुप्फुसाचा क्षय, जो खोकल्यातून पसरतो, तो तिने फारसा रोखला जात नाही. घटसर्पाची लस जंतूपेक्षा त्याच्या विषावर काम करते आणि तिचा असर वर्षांगणिक ओसरतो. म्हणून दीड वर्षाला, पाच ते सहा वर्षांना, आणि मग दहाव्या व सोळाव्या वर्षी पुन्हा डोस असतात. शेवटचे दोन तर घरोघरी विसरले जातात. करोनाच्या लशींनी गंभीर आजार आणि मृत्यू मोठ्या प्रमाणात टाळले, पण संसर्ग पुढे जाण्यापासूनचे संरक्षण काही महिन्यांतच ओसरले. हे तेव्हाच मोकळेपणाने सांगितले असते तर आज इतर लशींवरचा संशय कमी असता, असे आमचे मत आहे.

डांग्या खोकल्याचे प्रकरण जरा वेगळे आहे. पालिकेच्या केंद्रात मिळणाऱ्या पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या एकत्रित लशीत या जंतूची जुन्या पद्धतीची, पूर्ण पेशीची लस असते. तिने ताप येतो, मांडी दुखते, बाळ रात्रभर रडते. खासगी दवाखान्यात ‘पेनलेस’ म्हणून मिळते ती अपेशी, म्हणजे जंतूचे फक्त काही अंश असलेली लस. तिचा त्रास कमी, पण संरक्षण लवकर ओसरते. शिवाय बबून माकडांवरच्या प्रयोगांत असे दिसले की ही लस दिलेले माकड स्वतः आजारी पडत नाही, पण जंतू घशात बाळगून दुसऱ्याला देऊ शकते. समाजाच्या दृष्टीने पाहिले तर केंद्रातली फुकटची, ताप आणणारी लस बहुधा उजवी ठरते. पैसे मोजून घेतलेली लस सर्वच बाबतीत सरस, हे समीकरण इथे टिकत नाही.

पोलिओतही असाच भेद आहे. टोचायची लस लकव्यापासून वाचवते, पण आतड्यात तयार होणारी प्रतिकारशक्ती तोंडाने द्यायच्या थेंबांची मोठी. विष्ठेतून पसरणारा विषाणू रोखायला थेंबच हवे होते. देशातला शेवटचा नैसर्गिक पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त ठरला. मात्र थेंबांतला दुबळा विषाणू कमी लसीकरणाच्या वस्तीत फिरत राहिला, तर बदलत जाऊन पुन्हा लकवा आणू शकतो. यावरही उपाय म्हणजे वस्तीतले लसीकरण पूर्ण करणे हाच.

रुबेलाचा धडा सर्वांत कडू आहे, कारण तिथे अर्धवट लसीकरणाने नुकसान झाले. मुलांना रुबेला सौम्य असतो. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईला झाला तर बाळ मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयाचा दोष घेऊन जन्मू शकते. ग्रीसमध्ये १९७५ च्या सुमारास ही लस द्यायला सुरुवात झाली, पण सगळ्यांपर्यंत पोचवायची योजना नव्हती आणि पुढच्या दशकात प्रमाण ५० टक्क्यांच्या खालीच राहिले. विषाणूचा फिरता वावर कमी झाला, त्यामुळे लस न घेतलेल्या मुलींना लहानपणी रुबेला झाला नाही आणि त्या प्रतिकारशक्तीविना मोठ्या झाल्या. १९९३ च्या साथीनंतर जन्मतःच बाधित अशी २५ बाळे रक्तचाचणीने निश्चित झाली. आपल्याकडेही कितीतरी वर्षे ऐपत असलेले पालक खासगीत एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्रित लस) देत होते आणि सरकारी कार्यक्रमात रुबेला नव्हता. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या सर्व मुलांसाठी मोहीम झाली ती ही दरी बुजवण्यासाठी. तेव्हा ‘आमच्या मुलाला आधीच दिली आहे, शाळेत पुन्हा कशाला’ म्हणून संमतीपत्रावर नकार देणारे पालक कमी नव्हते.

डोस टोचला म्हणजे लागू पडलाच असे नाही, याला हाताळणीही जबाबदार असते. गोवर-रुबेलाची लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते. तिच्यासोबत आलेल्या द्रावातच ती कालवायची, कालवल्यापासून चार तासांत संपवायची, उरलेली फेकायची. तोवर कुपी थंड आणि अंधारात हवी. कालवलेली लस ३७ अंशांत तासाभरात जवळपास निकामी होते. एप्रिल-मेमध्ये कळव्याच्या एखाद्या पत्र्याच्या समाजमंदिरात सत्र असेल तर कुपी टेबलावर ठेवणे आणि आइसपॅकच्या खाचेत ठेवणे यात मुलाच्या संरक्षणाचा फरक पडतो. उलट पेंटाव्हॅलंट, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) या लशी गोठल्या की बाद. खासगी दवाखान्यांत घरगुती फ्रिज वापरतात, तिथे हा धोका मोठा : बर्फाच्या कप्प्याला टेकलेली कुपी गोठते, दारातली तापते. २ ते ८ अंश, मधला कप्पा, दिवसातून दोनदा तापमानाची नोंद, एवढे पाहायला पालकांनी लाजू नये. कुपीवरचा छोटा चौकोन भोवतालच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तरच ती उष्णतेपासून वाचलेली आहे.

हाताळणीतली चूक कुठवर जाते ते पॅसिफिक महासागरातल्या समोआ या बेटराष्ट्रात दिसले. २०१८ साली तिथे परिचारिकांनी भुकटी पाण्याऐवजी भुलीसाठी वापरल्या जाणाऱ्या औषधात कालवली आणि दोन बाळे दगावली. लस निर्दोष होती. तरी कार्यक्रम काही महिने थांबला, लोकांचा विश्वास उडाला, लसीकरण घसरले. पुढच्याच वर्षी गोवर आला आणि सुमारे दोन लाख लोकवस्तीच्या त्या देशात ८३ जण गेले, बहुतेक लहान मुले.

आपल्या केंद्रांत दिसणारी अडचण अधिक साधी आहे. अनेक डोसांची कुपी एका मुलासाठी फोडायची तर बाकीचे वाया जाणार, म्हणून ‘पुढच्या बुधवारी या’. रोजंदारीवरची आई पुढच्या बुधवारी येत नाही. एका मुलासाठीही कुपी फोडावी असेच सूचना सांगतात. वाया गेलेल्या डोसांचा जाब विचारणाऱ्या वरिष्ठांनी परत पाठवलेल्या मुलांचाही विचारावा. तीच गोष्ट ‘सर्दी आहे, बरी झाल्यावर आणा’ याची. साधी सर्दी, खोकला, जुलाब, किरकोळ ताप यांत लस पुढे ढकलायचे कारण नाही.

‘गोवर काय, आमच्या लहानपणी सगळ्यांनाच निघायचा’ म्हणणाऱ्या आजी-आजोबांना सांगावे की गोवर आधी झालेल्या आजारांविरुद्धची शरीराची आठवणही पुसतो. त्यानंतरचे महिने न्यूमोनिया आणि जुलाबांचे असतात, आणि मुले दगावतात ती बऱ्याचदा त्यांनीच. पुरळ दिसले की कडुलिंबाचा पाला खुशाल बांधा, पण जीवनसत्त्व ‘अ’चे दोन डोस २४ तासांच्या अंतराने घ्याच : वर्षावरील मुलाला प्रत्येकी २ लाख युनिट, सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला १ लाख, त्याहून लहानाला ५० हजार. खाणेपिणे तोडू नका. दवाखान्यात न्यायच्या आधी फोन करा, म्हणजे ते मूल बाकीच्यांसोबत बाकावर बसणार नाही. घरातल्या लस न घेतलेल्या भावंडाला संपर्कानंतर ७२ तासांच्या आत डोस मिळाला तर आजार टळू शकतो.

आता मागण्या. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी प्रत्येक नागरी आरोग्य केंद्राचा पहिल्या आणि दुसऱ्या डोसाचा आकडा दर तिमाहीला जाहीर करावा, शहराची सरासरी नको. पहिल्यातून दुसरा वजा करून पहिल्याने भागले की गळतीचे प्रमाण निघते. ते दहा टक्क्यांवर गेले की त्या वस्तीत घरोघरी जायची वेळ झाली. खासगी बालरोगतज्ज्ञांनी दिलेल्या डोसांची नोंद पालिकेकडे आली नाही तर हा आकडा नेमका उच्चभ्रू भागांत फसवा राहील, तेव्हा ती सक्तीची करावी. बालवाडी आणि पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी शाळांनी कार्ड पाहावे; प्रवेश नाकारण्यासाठी नव्हे, राहिलेल्या मुलांची यादी जवळच्या केंद्राला देण्यासाठी. आणि गृहसंकुलांनी आशा सेविकेला ‘ॲपवर नोंद नाही’ म्हणून गेटवरून परत पाठवणे थांबवावे. सुरक्षारक्षकांची, घरकामगारांची आणि शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांची मुले एकाच दिवशी गोळा होतील असे सत्र क्लब हाऊसमध्ये भरवायला एक खोली, दोन टेबले, पंखा आणि लस दिल्यावर अर्धा तास बसायला सतरंजी एवढेच लागते.

आपल्या ठाणे-नवी मुंबई पानावर कोणत्या भागात कधी पाणी येणार नाही ते नियमित छापले जाते. त्याच चौकटीशेजारी केंद्रनिहाय दुसऱ्या डोसाचे आकडे देण्याची तयारी आपण दाखवलीत, तर पालिकांकडे ते मागायला कारण मिळेल.

— समाजवैद्यक विषयाच्या दोन अभ्यासक, नौपाडा, ठाणे